प्लायच्या पलीकडे

ही गोष्ट खरी आहे.

भुताची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण सुरुवातीला हेच म्हणतो, आणि मीही तेच म्हणतोय, याची मला थोडी लाज वाटते. आयुष्यभर मी वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं. त्यात खरं लिहिलं की लोक म्हणायचे, काय कल्पनाशक्ती आहे हो! आणि थापा मारल्या की म्हणायचे, अगदी आमच्या शेजाऱ्यांचंच वर्णन. तेव्हा माझ्या शब्दाची पत काय आहे, ते मला ठाऊक आहे.

तरीही सांगतो. घरच्यांचं हसून झालंय. आता तुम्ही उरलात.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. ऐन दुपारची आहे. भुतांनी रात्रीच यावं अशी सक्ती कोणी केली कोण जाणे. ज्या खोलीला खिडकीच नाही, त्या खोलीत किती वाजले हे त्यांना तरी कसं कळणार?

डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक लॉज आहे. पेशंटचे नातेवाईक उतरतात ते. तिथली दुसऱ्या मजल्यावरची सात नंबरची खोली.

त्या खोलीत माझी थोरली बहीण होती. अक्का.

अक्का मला अजून 'बाळ्या' म्हणते. माझी सत्तरी उलटली, दात गेले, केस गेले, बाळ्या काही गेला नाही. आमची आई लवकर वारली, त्यामुळे अक्काच माझी आई. लहानपणी तिने मला कडेवर वागवलं आणि म्हातारपणी तोंडाने वागवते. ती गप्प बसलेली मी कधी पाहिली नाही. झोपेतसुद्धा ती कोणाला तरी दोन शब्द सुनावत असते.

अक्काचा एक डोळा लहानपणीच गेला. उरलेल्या एका डोळ्यावर तिने संसार केला, मुलगी वाढवली, नवऱ्याचं शेवटपर्यंत केलं. मग त्याही डोळ्यात मोतीबिंदू झाला. 'दिसतंय की मला' म्हणत तिने तो वर्षानुवर्षं अंगावर काढला. शेवटी शेवटी मी तिच्यापुरता एक आवाज आणि एक धूसर आकार एवढाच उरलो होतो. आणि एके सकाळी त्या डोळ्यातला पडदाच सुटला.

ऑपरेशन चांगलं झालं.

डॉक्टर तरुण होता. कायम घाईत. म्हणाला, "आत गॅसचा बुडबुडा सोडलाय. तो वर चढून पडद्याला दाबून धरणार. पण त्यासाठी आजींनी तोंड खाली ठेवायचं. झोपताना, बसताना, जेवताना. उताणं व्हायचं नाही."

"किती दिवस?" मी विचारलं.

"मी सांगेपर्यंत."

"आणि झालीच उताणी... तर?"

तो जाता जाता थांबला.

"आजींना दुसरा डोळा नाहीये ना," एवढंच म्हणाला.

रोज तपासायला यायचं होतं, आणि आमचं घर लांब. म्हणून लॉज.

तसल्या खोल्या तुम्ही पाहिल्या असतील. एक पलंग, आणि पलंगाभोवती उरलेली शरम. दार आत उघडायचं, ते पलंगाला अडायचं, आणि त्या फटीतून माणसाने आपल्याला आत ओतून घ्यायचं. माझ्या खोलीत एक आरसा होता. त्यात अख्खा चेहरा मावत नव्हता. आधी डावा गाल, मग उजवा, अशी दाढी करावी लागे.

एका खोलीत दोघं राहणं अशक्य. म्हणून अक्काला सात नंबर, मला आठ.

मॅनेजर जाडजूड, केस काळेभोर रंगवलेले, मिशी रंगवायला विसरलेला. म्हणाला, "काळजी सोडा साहेब. मध्ये नुसतं प्लाय आहे. तुम्ही कूस बदललीत तर ताईंना कळेल. घरच्यासारखंच."

अक्काला पलंगावर पालथं निजवलं. हॉस्पिटलने घोड्याच्या नालेसारखी एक उशी दिली होती. मधल्या पोकळीत तोंड ठेवायचं. डोळ्यावर पट्टी, नाक गादीकडे. तिचं सगळं बोलणं आता गादीतून यायचं.

मी माझ्या खोलीत गेलो आणि प्लायवर टकटक केलं.

"अक्का! मी इथेच आहे गं. पलीकडे."

"ओरडू नकोस. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, कानाचं नाही."

तिचा आवाज आला, पण जरा लांबून. जरा पोकळ. रिकाम्या पिंपातून यावा तसा.

मी म्हटलं, पालथी आहे म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नळीने चहा पाजत होतो. म्हणाली, "काल किती वेळ बोलत बसलो रे आपण. बरं वाटलं."

मी अंथरुणाला पाठ टेकताच झोपलो होतो.

"मी काय बोललो?"

"तू कसला बोलतोस! मीच बोलत होते. तू आपला 'मग?' 'मग?' करत होतास. पण इतकं मन लावून ऐकलंस बाई. जन्मात पहिल्यांदा."

मला वाटलं, भुलीच्या औषधाचा अंमल असेल. न केलेल्या कामाचं कौतुक झालं तर ते खोडून काढू नये, हा माझा जुना नियम. मी म्हटलं, "तुझ्यासाठी एवढंही करू नये का?"

अक्का खूश झाली.

त्याच्या पुढच्या दिवशी मात्र ती गप्प होती. अक्का... आणि गप्प. मी थेंब घालायला तिची मान हलकेच कडेला केली, तर पट्टी ओली.

"अक्का, रडलीस? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"तू मला आधी का नाही सांगितलंस रे?"

"काय?"

"मावशीकडे त्या कपाटात लपला होतास ते. आतून बंद झालं, उघडेना. किती हाका मारल्यास. आम्ही बाहेरच होतो म्हणालास. आमचं बोलणं तुला ऐकू येत होतं. आणि कोणी आलंच नाही." तिचा आवाज गादीत बुडाला. "काल सांगत होतास, तेव्हा माझा जीव नुसता गलबलला रे बाळ्या."

मी कधी कुठल्या कपाटात लपलो नव्हतो. आमच्या मावशीकडे कपाटच नव्हतं. कपडे दोरीवर असायचे.

तसं मी तिला सांगितलंही.

"वय झालं तुझं," अक्का म्हणाली. "काल आठवत होतं, आज नाही. जाऊ दे. मी आहे ना आता. तुला पुन्हा तसं एकटं पडू द्यायची नाही मी."

मी खोलीत आलो आणि दार लावलं.

प्लायवर कुठलासा फिकट हिरवा रंग होता. मी त्याला कान लावला.

काहीच नाही.

मग... अगदी जवळ... अक्काचा पलंग होता तिथे नाही, त्याच्या पुष्कळ अलीकडे...

कोणीतरी डोकं टेकवल्याचा आवाज. लाकडाला केस घासल्याचा.

"अक्का?" मी म्हटलं.

"काय रे?" लांबून, गादीतून अक्का म्हणाली.

आणि माझ्या कानाशी, प्लायच्या पलीकडून, कोणीतरी हळूच म्हणालं...

"काय रे?"

मी पलंगावर बसलो. दुसरं बसण्यासारखं काही नव्हतंच.

प्रतिध्वनी असेल. खोल्या पोकळ, प्लाय पातळ. माणसाची अक्कल अशा वेळी फार कामाला येते, हवं ते सिद्ध करून देते. तरी मी खाली गेलो आणि मॅनेजरला म्हणालो, "आम्हाला खोल्या बदलून द्या."

"फुल आहे साहेब. सध्या मोतीबिंदूचा सीझन आहे."

"सात आणि आठच्या मध्ये कोण राहतं?"

"सात आणि आठच्या मध्ये?" तो हसला. "साडेसात नंबर अजून काढला नाही आम्ही."

त्याचं हसू मला आवडलं नाही. ते पूर्ण होण्याआधीच संपलं.

वर आलो आणि बोळात उभा राहिलो. एवढे दिवस जाऊन-येऊन होतो, पण नीट पाहिलं नव्हतं. सहाचं दार आणि सातचं दार जवळजवळ. आठ आणि नऊ, तशीच. सात आणि आठच्या दारांमध्ये मात्र भिंत जास्त होती. फार नाही. एखादा माणूस पाठ टेकून उभा राहील, एवढी.

त्या दिवशी मी एक खुर्ची आणली, अक्काच्या दारात टाकली आणि तिथेच ठाण मांडलं. अर्धा आत, अर्धा बोळात. जाणारे-येणारे माझे पाय ओलांडून जात. एकाने तर मला दोन केळी दिली. मी घेतली.

मी तिथे असलो की काही नसायचं. अक्का बोलायची, मी उत्तर द्यायचो. पण तिचं समाधान होत नव्हतं.

"असा तुटक काय बोलतोस? पलीकडून बोलतोस तेव्हा बरा असतोस."

"अक्का, पलीकडून मी बोलत नाही."

"मग कोण, माझी सासू बोलते?"

"मला खरंच ठाऊक नाही."

मग ती म्हणाली, "लहानपणापासून तू असाच. प्रेमाने वागतोस आणि पकडला गेलास की नाही म्हणतोस."

मी उरलेलं केळं सोललं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यात घालायचे थेंब संपले. औषधाचं दुकान हॉस्पिटलच्या पुढच्या अंगाला, म्हणजे गल्लीला वळसा. दुपारची वेळ. रस्त्यावर लख्ख ऊन, आणि लॉजच्या बोळात पिवळा बल्ब.

मी अक्काच्या कानाशी वाकलो.

"मी खाली जाऊन येतो. कोणी काही बोललं तर उत्तर देऊ नकोस."

"कोण बोलणार? तू तर चाललास."

"मी बोललो तरी देऊ नकोस."

अक्का गादीत हसली. "हे तुझ्या बायकोने सांगितलं असतं, तर समजले असते."

मी तिच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि धावलो. म्हणजे माझ्या वयात जेवढं धावतात तेवढं. दुकानात गर्दी होती. माझ्या पुढचा एक गृहस्थ प्रत्येक गोळी कशासाठी ते विचारून घेत होता. त्याचा गळा धरावा असं वाटलं.

परत आलो. जिने चढलो. बोळात वळलो.

बोळ शांत होता.

मग मला आवाज ऐकू आला.

माझा.

माझा आवाज मी ओळखतो. रेडिओवर काही भाषणं दिलीत मी, स्वतःच ऐकलीत. तोच खरखरीत, वाक्याच्या शेवटी घसरणारा आवाज. सात नंबरमधून येत होता.

"...एकदा बघ तरी. इतके दिवस नुसतं ऐकतेस. वळ ना अक्का."

"डॉक्टर नको म्हणालेत रे."

"डॉक्टरांना काय कळतंय? मी भाऊ ना तुझा? किती दिवसांत माझ्याकडे कोणी पाहिलं नाही गं..."

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. किल्ली कुलपात जाईना.

"वळते हं," आतून अक्का म्हणाली. लहान मुलाची समजूत घालताना म्हणावं तशी. "वळते. रडू नकोस."

पलंग करकरला.

कुलूप उघडलं. दार पलंगाला अडलं. मी फटीतून आत घुसलो.

अक्का उताणी होती.

पट्टी काढून तिने छातीवर ठेवली होती. लाल, सुजलेला डोळा सताड उघडा. मी डोक्याशी उभा होतो, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. प्लायकडे बघत होती. त्या फिकट हिरव्या, कोऱ्या प्लायकडे.

आणि हसत होती.

"किती वाळलास रे," ती प्लायला म्हणाली. "आणि अंगभर भुसा कसला? कानावर पेन्सिल खोचायची सवय कधी लागली तुला?"

मी कानावर पेन्सिल कधीच ठेवली नाही. कानावर माझा चष्माच धड राहत नाही.

मी तिला धरून पालथं केलं. ती ओरडली. "कोण आहे? कोण? बाळ्या, बघ रे, कोण शिरलंय खोलीत!"

"अगं मीच आहे! मी बाळ्या!"

ती माझ्या हाताखाली ताठ झाली.

पलीकडून काही आलं नाही.

तसंच रिक्षात घालून, तिचं डोकं माझ्या मांडीवर खाली दाबून धरून मी तिला हॉस्पिटलात नेलं. सबंध रस्ता मी एकच घोकत होतो, डोळा जाऊ नये. तेवढा एक डोळा जाऊ नये. डॉक्टरने बराच वेळ भिंगातून पाहिलं. मी त्याच्या पाठीकडे बघत उभा. पाठीवरून निकाल कळतो का ते बघत.

"पडदा जागेवर आहे," तो म्हणाला. "नशीबवान आहात."

मी तिथल्याच बाकावर बसलो आणि म्हातारा माणूस चारचौघांत जितका रडू शकतो, तितका रडलो.

अक्काला त्यांनी हॉस्पिटलातच ठेवून घेतलं. मी लॉजवर गेलो आणि मॅनेजरला म्हणालो, "प्लाय उघडा. नाहीतर मी पोलीस आणतो, आणि ते नाही आले तर मी लिहीन."

पहिल्या धमकीला तो हसला असता. दुसरीचंही फारसं काही वाटलं नसणार. पण माझा चेहरा पाहून तो हातोडी आणि पटाशी घेऊन वर आला.

सात नंबरमध्ये त्याने प्लायवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"खिळे कुठायत?" तो पुटपुटला.

प्लायच्या बाहेरच्या अंगाला एकही खिळा नव्हता. शेवटी त्याने कडेला पटाशी घातली आणि हातोडीने ठोकून ठोकून ते उचकटलं. एक बाजू सुटली, आणि आतून जुन्या लाकडाचा कोंदट वास आला.

खिळ्यांची डोकी आतल्या बाजूला होती.

सगळे खिळे आतून ठोकलेले होते.

मॅनेजरने मोबाईलचा दिवा आत धरला. सात आणि आठच्या मध्ये एक बोळकंडी होती. माणूस आडवा होऊ शकणार नाही, नुसता उभा राहील किंवा गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढी. दोन्हीकडे छतापर्यंत प्लाय, मागे-पुढे पक्की भिंत. दार नाही. झरोका नाही.

आत कोणी नव्हतं.

काहीच नव्हतं. हाड नाही, कपडा नाही, खिळासुद्धा पडलेला नाही. खाली धूळ, जाड, मऊ, आणि तिच्यावर पावलाचा ठसा नाही.

फक्त प्लायवर, बसलेल्या माणसाचं डोकं येईल त्या उंचीवर, एक काळपट डाग होता. केसांच्या तेलाचा पडतो तसा. वर्षानुवर्षं एकाच जागी डोकं टेकलं की पडतो तसा. माझ्या खोलीच्या बाजूला एक, फिकट. अक्काच्या बाजूला एक.

तो चांगला गडद होता. हात लावला तर बोटाला चिकटला.

मॅनेजर बोळात जाऊन बसला. मीही बसलो.

मग तो बोलू लागला. आधी हा सगळा मजला म्हणजे एक मोठा हॉल होता. मालकाने दोन सुतार लावले. सख्खे भाऊ. कामाला वाघ, पण दोघांचा अबोला. का, ते कोणालाच ठाऊक नाही. थोरल्याने या टोकाकडून खोल्या पाडायला घेतल्या, धाकट्याने त्या टोकाकडून. माप एकमेकांना सांगायचं तर बोलावं लागलं असतं.

"मग मधोमध आले, तर ही एवढी जागा उरली," मॅनेजर म्हणाला. "ना खोलीची, ना बोळाची. आम्ही फार हसलो होतो साहेब तेव्हा. थोरला म्हणाला, चूक त्याची. धाकटा काही बोललाच नाही. तो आपला आत उभा राहून ठोकत होता. थोरला बाहेरून, आठ नंबरमधून."

"आणि मग?"

"मग काम झालं. थोरला हत्यारं गोळा करून गेला."

"धाकटा?"

मॅनेजरने रंगवलेल्या केसांतून हात फिरवला.

"गेला असेल की. थोरल्याला विचारणार कसं? तो त्याचं नावच घेत नव्हता. आणि आत ठोकल्याचा आवाज यायचा दोन-तीन दिवस. आम्हाला वाटलं, काम करतोय."

मी उठलो, सामान घेतलं आणि हॉस्पिटलच्या बाकावर जाऊन बसलो.

पुढे सगळं चांगलं झालं.

हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं. कारण सगळे हेच म्हणतात. अक्कावरची उताणं होण्याची बंदी उठली, गॅस विरला, पट्टी निघाली. नजर नीट यायच्या आधीच मी तिला तिच्या घरी पोचवलं होतं. भाची दूर देशात असते, ती आली, महिनाभर राहिली, आईला आता सुईत दोरा ओवता येतो म्हणून हरखून परत गेली. मी मधल्या काळात गुडघ्याने अडकलो होतो. फोनवर बोलणं व्हायचं, पण अक्का लवकर ठेवायची. जिला फोन ठेवायला सांगावं लागायचं, ती.

गुडघा सुधारला तसा मी तिला भेटायला गेलो.

दार तिनेच उघडलं. चष्मा नव्हता. तिचा तो एकच डोळा, स्वच्छ, चमकदार, माझ्या चेहऱ्यावर फिरला. वरून खाली. नीट.

"या ना," अक्का म्हणाली. "बसा."

मला वाटलं, थट्टा करतेय. मी म्हटलं, "अक्का, मी बाळ्या."

ती हसली. परक्या माणसाकडे बघून हसतात तसं.

"आवाज अगदी त्याच्यासारखाच आहे हो तुमचा," ती म्हणाली. "मागे हॉस्पिटलात तुम्हीच होतात ना बरोबर? फार केलंत माझं. मला तेव्हा दिसत नव्हतं, त्यामुळे गैरसमज झाला. तो सांगत होता मला तुमच्याबद्दल."

"कोण?"

"माझा भाऊ."

मी आमच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. आईचं नाव सांगितलं. तिच्या लग्नात मी कुठल्या खांबामागे रडत होतो, ते सांगितलं. ती कौतुकाने ऐकत होती.

"सगळं सांगितलंय वाटतं त्याने तुम्हाला," ती म्हणाली. मग माझ्या हातावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, "त्याच्यावर रागावू नका हं. फार सोसलंय त्याने. बोलायला माणूसच नव्हतं कोणी."

मग ती आतल्या खोलीकडे वळली.

"अरे, पाहुणे आलेत. ये की बाहेर."

आतली खोली अंधारी होती. दार अर्धं लोटलेलं.

कोणी आलं नाही.

पण पलंग करकरला... कोणीतरी उठून बसल्यासारखा.

मी तिथे थांबलो नाही. जे खरं ते सांगतोय. माझी सख्खी बहीण घरात, आणि मी चपलेत पाय अर्धे घालून जिना उतरलो. खाली येऊन वर पाहिलं, तर अक्का खिडकीत होती. मला हात करत होती. तिचं तोंड मागे वळलेलं होतं, कोणाशी तरी बोलत.

बायको म्हणाली, वयाने होतं असं, डॉक्टरला दाखवा. दाखवलं. बायकोच्या भावाच्या ओळखीचा डॉक्टर तिच्या घरी गेला. अक्काची स्मरणशक्ती त्याच्यापेक्षा चांगली निघाली. नातवंडांची नावं, वाढदिवस, सगळं बरोबर. "फक्त तुम्हाला ओळखत नाहीत," तो म्हणाला. आणि जरा घुटमळून, "पण तुमचे दुसरे बंधू आहेत ना सोबत. त्यांनी चहा दिला मला."

आम्ही दोघंच. अक्का आणि मी. तिसरं भावंड आम्हाला नाही.

काल संध्याकाळी भाचीचा फोन आला. आनंदात होती.

"मामा, तुम्ही आईजवळ राहायला गेलात, मी किती निर्धास्त झाले म्हणून सांगू! परवा तिच्याशी बोलत होते, तर मागून तुमचा आवाज येत होता. आई किती खूश आहे. म्हणते, बाळ्या आता मला सोडून कुठे जायचा नाही."

मी माझ्या घरी होतो. परवाही माझ्याच घरी होतो.

"मामा? ऐकताय ना?"

"हो गं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तुझ्या आईचा डोळा वाचला, पण त्या डोळ्याने तिने पहिल्यांदा जे पाहिलं, ते तिच्या घरी येऊन राहिलंय, असं? आणि ती सुखात आहे, असंही?

रात्रभर मी विचार केला. पोलिसांकडे जावं, तर तक्रार कोणाविरुद्ध करू? वर्णन विचारलं तर काय सांगू?

शेवटी ठरवलंय. उद्या सकाळी जातो. अक्काला एकटीला तिथे सोडून मला झोप लागत नाही, आणि ती एकटी नाही म्हणून तर मुळीच लागत नाही. तिला घेऊन येईन. ओरडली, परका म्हणाली, तरी घेऊन येईन.

फक्त एक गोष्ट सुचत नाहीये.

मी दार वाजवणार. आतून "कोण आहे?" असं विचारतील. तो आवाज माझा असला, तर...

काय सांगू, मी कोण आहे म्हणून?